सासऱ्यांची होडी आणि सरकारचा परवाना

सरकारने कधी न केलेला कायदा काटेकोरपणे पाळणारा एकच माणूस आमच्या जिल्ह्यात होऊन गेला, आणि ते माझे सासरे होते. पाटबंधारे खात्यात चौकीदारी करून ते निवृत्त झाले आणि खात्याची मोजणीची जुनी होडी लिलावात निघाली तेव्हा ती घेऊन मोकळे झाले. त्याला कारण होतं. ज्या तलावावर त्यांनी जन्मभर पहारा दिला, त्याच तलावात सासूबाईंच्या माहेरची पायवाट बुडाली होती. पलीकडच्या काठावर भावाच्या घरचा धूर दिसायचा. पण भावाला भेटायचं तर तुळजापूरवरून एस.टी.ने भलामोठा वळसा. "तुमच्या खात्यानं माझी वाट बुडवली," असं सासूबाई भाकरी वाढता वाढता ऐकवत. होडी आली, तरी त्यांचं माहेर काही जवळ आलं नाही. होडी चालवायचा परवाना नव्हता ना!

तो परवाना कोणीच मागितला नव्हता, आणि सासऱ्यांचा संताप नेमका त्याचाच होता. "सायकलला दिवा न्हाय तर पोलीस धरतो. टांगेवाल्याला बिल्ला लागतो. आन् जित्ती माणसं पाण्यावर न्यायची तर कुणी इचारीत न्हाय? ही काय रीत झाली, जावईबापू?" आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, म्हणून अर्ज लिहिणं माझ्याकडे आलं. घरदार न बघता, केवळ शिक्षणाकडे पाहून त्यांनी मला मुलगी दिली होती. नाही कसं म्हणणार? तहसीलवाले उस्मानाबादला पाठवत, उस्मानाबादवाले तहसीलला. एकदा एक कारकून पान जमवत हसला, "अहो, तलावात पाणी तरी आहे का?" दुष्काळ पडला होता, होडी भेगाळलेल्या गाळात बसली होती, हे खरंच. पण सासरे कडाडले, "पाणी नसताना शिकवायचं न्हाय, तर काय बुडताना शिकवायचं?" त्या कारकुनाचं हसणं आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

सरकार शिकवत नाही तर आपण शिकवू, म्हणून त्यांनी त्या कोरड्या तलावातच शाळा काढली. गाळ उपसायला दुष्काळी कामावर माणसं येत. दुपारची भाकरी झाली की सासरे त्यांना होडीत बसवत, आणि विहिरीत पोहायला शिकताना पोरं बांधतात तशी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड एकेकाच्या पाठीला बांधत. जड माणूस मधोमध, लेकरू मांडीशी, आणि काही झालं तरी उभं राहायचं नाही. बायका हसून बेजार होत. "मामा, धुरळ्यात बुडतोय व्हय आमी?" "हसा! पाणी आलं म्हंजी हसू न्हाय फुटायचं." माझीही परीक्षा झाली. पायावर मुंगळा चढला आणि मी ताडकन उभा राहिलो. "बी.ए. नापास!" त्यांनी सगळ्या गँगसमोर जाहीर केलं. सासूबाई मात्र पहिल्या खेपेलाच पास झाल्या. त्यांना तेव्हा होडीची गरजच नव्हती. बुडालेली पायवाट दुष्काळाने उघडी पडली होती आणि त्या तळातून चालत माहेरी जात. "दुष्काळाचं येवढं एक बरं हाय," असं म्हणत आणि लगेच जीभ चावत.

पुढे तलाव भरला. वाट पुन्हा गेली. तशात भाऊ अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. होडी डांबर लावून तयार होती, पण सासरे काठावर अडून बसले. "अर्ज गेलाय. परवाना येऊ दे." सासूबाईंनी खुंटीवरचे भोपळे काढले, पाठीला बांधले आणि होडीत मधोमध जाऊन बसल्या. "परीक्षा तुमीच घेतली, पासबी तुमीच केलं. आता तुमची परीक्षा म्या घेते. बसा. आन् हुभं ऱ्हायचं न्हाय."

सासऱ्यांनी होडी पाण्यात ढकलली. मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा विनापरवाना वल्हं हातात घेतलं. तलावाच्या मध्यावर गेल्यावर त्यांना काठावरचा मी आठवलो असावा. तिथून ते ओरडले, "जावईबापू, आजचं अर्जात लिहू नका!"

आता दोघंही नाहीत. होडी काठावर पालथी पडून आहे, सरकारचं उत्तर अजून यायचं आहे. भोपळे माझ्या खोलीत खुंटीला टांगलेत, खाली माझी पदवी चौकटीत आहे. पाहुणे पदवीचं कौतुक करतात. माझी नजर वर जाते. त्या परीक्षेला पुन्हा बसायचं तेवढं राहून गेलं.