मारवेलच्या ठोंबांसाठी शिरड शहापूरला, तेही पंचमीला

गेल्या श्रावणात आम्ही औंढ्याकडे निघालो ते देवदर्शनाला नाही, गवत आणायला. हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या गावात सगळे हसून झालेत. जालन्याजवळ आमचा शेळ्यांचा लहानसा गोठा आहे आणि मागे उतारावरची पडीक जमीन. तिथे नेपिअर गवत लावून पाहिलं, उन्हाळ्यात पाण्यावाचून जळालं. शेवटी नवऱ्याने, श्रीकांतने, स्पष्ट सांगितलं, "या पावसात चारा उभा राहिला नाही तर शेळ्या विकायच्या." मी रडले, भांडले आणि कबूल झाले.

मारवेल हे आपलं माळावरचं गवत. मुळासकट काढलेला ठोंब एकदा लागला की वर्षानुवर्षं फुटत राहतो, शेळ्याही आवडीने खातात. शिरड शहापूरच्या बापूरावांचं मारवेलचं कुरण आहे, असं कळलं. ते मेंढ्या-शेळ्या पाळतात. फोन केला, तर म्हणाले, "पंचमीला या की." नागपंचमीला मातीला हात लावत नाहीत, हे मलाही माहीत होतं. पण दिवस त्यांनीच सांगितला म्हणजे गवताला सूट असेल, असं मी धरून चालले.

मंठा, जिंतूर करत गेलो. जिंतूरच्या पुढे रस्ता जागोजागी उखडलेला, तेव्हा कंबरेची काळजी असणाऱ्यांनी भल्या पहाटे निघावं. वाटेतला चहा गोड म्हणजे पाकच. औंढ्यानंतर मात्र दोन्हीकडे हळदीची हिरवीगार रानं लागतात आणि माणूस जरा निवळतो.

माझं निवळणं बापूरावांच्या अंगणापर्यंतच टिकलं. मी खुरपं आणि पोती घेऊन उतरले, तसे ते दचकले.

"आवो ताई, आज नागाचा दिवस. माती न्हाई उकरत."

"मग पंचमीला या काहून म्हणालात?" माझ्याही तोंडून तिथलीच बोली निघाली.

"समदे घरी राहतेत ना आज! येरवी आमी मेंढरामागं. तुमाला च्या कोण पाजंल?"

त्यांच्या बायको शांताबाई आतून म्हणाल्या, "आज सुरी न्हाई, तवा बी न्हाई. दिंडं उकडलेत, जेवून घ्या." श्रीकांत लगेच पाटावर बसला. फितूर! पुरणाची दिंडं आणि वर तुपाची धार, हे सुरेखच होतं, पण मला प्रत्येक घासाला माझा रिकामा उतार दिसत होता. जेवल्यावर मी पुन्हा विषय काढला, तर शांताबाईंनी मला झोक्यावर बसवलं. या वयात! मुक्कामाला लॉज शोधू म्हटलं, तर दोघांनाही राग आला. थोडक्यात, राहण्या-जेवणाचा खर्च काही नाही, मनस्ताप भरपूर.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बापूराव स्वतः कुदळ घेऊन कुरणात उतरले. त्यांनी जुने गड्डे उपटले, शेंडे वीतभर ठेवून छाटले, दोन-तीन फुटव्यांचा एकेक ठोंब करून ओल्या पोत्यात बांधला. पैसे विचारले तर म्हणाले, "गवताचे कायचे पैसे? तुमच्याकडं माजलं की दुसऱ्याला द्या, बराबर झालं."

परतताना जिंतूरजवळ टायर पंक्चर. डिकीत कोंबलेले ठोंब उकाड्याने तापले आणि बरेचसे वाळले. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून नागोबापासून श्रीकांतपर्यंत सगळ्यांना बोल लावले. उरलेले ठोंब उताराला आडव्या ओळींत, ओल्या मातीत लावले आणि रोज वाकून वाकून पाहिलं. आठवडा उलटला तरी काही नाही. मग एका सकाळी पिवळ्या काडीच्या बुडाशी हिरवं टोक दिसलं. मी श्रीकांतला इतक्या जोरात हाक मारली की शेळ्याच ओरडायला लागल्या.

शेळ्या आहेत. उन्हाळ्यात उतार वाळून करडा झाला, यंदाच्या पहिल्याच सरींनी पुन्हा हिरवा झाला. नेपिअर जळालं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसणारे आमचे शेजारी परवा कुंपणाशी आले. "वहिनी, थोडे ठोंब द्याल का? कधी येऊ?"

श्रीकांत मागून 'देऊ नको' अशा खुणा करत होता. मी तिकडे बघितलंच नाही.

"पंचमीला या," मी म्हटलं. "जेवायला. ठोंब दुसऱ्या दिवशी मिळतील. मला तेवढंच कुणी सांगितलं नव्हतं."