मास्तरांचं डोकं

जन्मभर बातमीदारी केली. बातमी छापून आली की तिचं आयुष्य संपतं, दुसऱ्या दिवशी तिच्यात भजी बांधतात. पण एडिटर लोक ज्या ओळी कापून टाकतात ना, त्या कुठं जात नाहीत. साचत राहतात. माझ्याकडं अशा कापलेल्या ओळींचा ढीग झालाय आणि त्यातला अर्धा ढीग एकाच माणसाच्या डोकेदुखीचा आहे. डोकेदुखी ही काय बातमी आहे का, असं मला एका एडिटरनं विचारलं होतं. त्याच्याशी मी पुढं कधी बोललो नाही.

तर निजामाच्या अमदानीतलं हिंगोली. पूर्णेहून येणारी रेल्वे आमच्या गावात येऊन संपायची, पुढं रूळच नव्हते! हबीबचाचांचं शिंप्याचं दुकान हा आमचा अड्डा. चाचा मशीनवर, विठ्ठलशेठ अडत्ये कापडाच्या गठ्ठ्यावर, मी उंबऱ्यावर आणि दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर मारोतराव मास्तर. खुर्ची त्यांची, कारण वाचणार ते. मी सरहद्दीपलीकडच्या ज्या मराठी पेपरला बातम्या धाडायचो, तो इकडं उघडपणे मिळत नसे. वाशीमकडून येणाऱ्या शेठच्या मालात लपून यायचा. मास्तर तो मोठ्यानं वाचायचे आणि तेवढा वेळ चाचा मशीन थांबवायचे. गिऱ्हाईक कितीही ओरडो!

काय आवाज होता! माझी रखरखीत बातमी त्या तोंडातून निघाली की मलाच वाटायचं, हे कुणी लिहिलं बुवा?

एकदा वाचता वाचता मास्तर थांबले. खिशातून रुमाल काढला आणि कपाळाला करकचून बांधला.

"काय झालं मास्तर?" शेठनं विचारलं.

"डोकं ठणकून राहिलं."

"कवापासून?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. "यांची बातमी सुरू झाली तवापासून!"

चाचा इतके हसले की हातातली सुई बोटात गेली.

*

दुखणं थांबेना. विठ्ठलशेठनं निकाल दिला, "ही अर्धशिशी. सूर्य उगवायच्या आत, पूर्वेकडं तोंड करून, दुधात गरम जिलेबी खायची. आमच्या आजोबाची अशीच गेली."

औषध एकट्यानं कसं घ्यायचं? म्हणून आम्ही सगळेच जायला लागलो. हलवाई डोळे चोळत भट्टी पेटवायचा, आम्ही चौघं पूर्वेकडं तोंड करून ओळीनं बसायचो. मास्तर दोन घास खायचे आणि बाजूला जाऊन ओकायचे. सकाळी उठल्याबरोबर ठणका सगळ्यात जास्त, त्यात ही ओकारी. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो. तेव्हा आम्ही म्हणालो, पित्त आहे!

त्यांच्या वाटणीची जिलेबी शेठ संपवायचे. वाया कशाला घालवायची?

असं बरेच दिवस चाललं. एक दिवस आम्ही मास्तरांच्या घरावरून जात असताना सरूवहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, दारातूनच शेठना गाठलं.

"शेठजी, यांचं डोकं काही उतरलं न्हाई. पण तुमचा अंगरखा चाचाला उसवून ढिला करावा लागला म्हणे!"

*

मग जवळा बाजारचा एक म्हातारा कळला. तो कडुलिंबाच्या झाडात खिळा ठोकून डोकं उतरवायचा. रोग्यानं झाडाला कपाळ टेकायचं, म्हाताऱ्यानं काहीतरी पुटपुटायचं आणि वरच्या अंगाला खिळा मारायचा. दुखणं माणसातून निघून झाडात जातं, असा हिशोब.

मी बी.ए. झालेला माणूस. वाटभर या थोतांडावर व्याख्यान दिलं. मास्तर बैलगाडीत डोकं धरून बसले होते. शेवटी म्हणाले, "बातमीदार, तुमचं सगळं खरं हाय. पण तुमच्यापाशी दुसरं औषध हाय का?"

नव्हतं. आपल्याकडं माणसाच्या हातात काय होतं, सांगा ना!

झाडापाशी पोचलो. बुंधा नुसत्या खिळ्यांनी भरलेला, बोट ठेवायला जागा नाही. म्हाताऱ्यानं नाव विचारलं, गाव विचारलं, मंत्र म्हटला आणि खिळा हाणला. त्या दणक्यासरशी मास्तर मटकन खाली बसले.

"उतरलं का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मास्तरांनी वर पाहिलं. "बाबा, माझं ऱ्हाऊ द्या. पहिले या झाडाचं उतरवा!"

*

आता मात्र मी हट्टाला पेटलो. म्हटलं, दवाखान्यात चला. दवाखाना म्हणजे काय? डॉक्टर दौऱ्यावर, हजर एकटा कंपाउंडर. त्याच्याकडं लाल मिक्श्चरची एकच मोठी बरणी. खोकला असो, खरूज असो, त्यातलंच मिक्श्चर. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, म्हणजे डोस कळतात. माणसाचा रोग बदलला तर पट्टी बदलायची, औषध तेच!

त्यानं मास्तरांकडं मान वर करूनही बघितलं नाही. "सरदर्द? वो तो सबको रहता."

मग मी सुटलो. म्हणालो, हा माणूस रोज सकाळी ओकतो, चालताना भिंत धरतो, आणि तुम्ही म्हणता सगळ्यांना असतं? डॉक्टर कधी येणार? तुमच्या वरचा कोण? त्याच्या वरचा कोण? उद्या पेपरात छापतो तुमचं! टेबलावर मुठी आपटल्या. बाहेरची माणसं जमली. शिपाई धावत आला. मी आणखी आवाज चढवला.

मागून कुणीतरी माझी बाही ओढली. मास्तर. दोन्ही हातांनी कान झाकावेत की माझी बाही धरावी, अशा कोंडीत सापडलेले.

"भांडा बातमीदार, खुशाल भांडा," ते कण्हत म्हणाले, "पण जरा हळू भांडा!"

*

त्यानंतर आवाजच सोसेना. भांडं पडलं तरी चेहरा पिळवटायचा. तरी माणूस खुर्चीवर यायचाच. "घरी पडून काय करू? तिथंबी डोकं हायच की," म्हणायचे.

एका दुपारी पेपर आला. मास्तरांनी उघडला, जवळ धरला, लांब धरला, एक डोळा मिटला.

"शेठ, आज कागद महाग न्हाई वाटतं. एकेक ओळ दोनदा छापली."

आम्ही हसलो. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"काय मास्तर?"

"एकच बातमीदार गावाला जड होता. आज दोन बसलेत!"

शेठ खो खो हसले. मीही हसलो. चाचा हसले नाहीत. ते उठले, मास्तरांच्या समोर जाऊन एक बोट वर धरलं आणि विचारलं, "मास्तर, ये कित्ते?"

मास्तर म्हणाले, "चाचा, मी शाळेत शिकवतो. मला काहून शिकवून राहिले?"

पण बोटं किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

*

तरी आम्ही ढिम्म! शाळेचा मुख्याध्यापक म्हणाला, डोकेदुखीवर लांबची रजा मिळत नाही, सर्टिफिकेट आणा. सर्टिफिकेट देणारा डॉक्टर दौऱ्यावर. मी रोज एकाशी भांडायचो आणि संध्याकाळी अड्ड्यावर येऊन त्या भांडणाचं वर्णन करायचो. अशी एक संध्याकाळ रंगात आली असताना दारात सरूवहिनी येऊन उभ्या राहिल्या. त्या काळी घरची बाई शिंप्याच्या दुकानावर कधी येत नसे. चाचांनी पटकन मशीनवरचे पाय काढले. आम्ही सगळे उभे राहिलो.

वहिनी सरळ माझ्याशी बोलल्या.

"भावजी, रोज पेपरात सरकारशी भांडता. कंपाउंडरशी भांडता, शाळेशी भांडता. पण यांचं काय करायचं ते आपसात ठरवलं का, तेवढं सांगा."

"वहिनी, सर्टिफिकेट आलं की लगेच..."

"आज सकाळी त्यांनी पोरीला हाक मारायला तोंड उघडलं," वहिनी म्हणाल्या, "अन् तिचं नाव आठवलं न्हाई. पोटच्या लेकराचं नाव! पोरगी समोर उभी. हसून राहिली, तिला वाटलं बाबा थट्टा करून राहिले. थट्टा करायची सवयच हाय ना त्यांना."

चाचांनी मास्तरांची रिकामी खुर्ची पुढं केली, वहिनी बसल्या नाहीत.

"नोकरी गेली तं जाऊ द्या. मोठ्या दवाखान्यात न्या. आता न्या. मी एकली नेऊ शकत न्हाई म्हणून आली. नेता येत असतं तं तुमच्या दारात आली नसती."

मी, शेठ, दोघं खाली बघत होतो. चाचांनी मशीनवरचं कापड घडी करून बाजूला ठेवलं.

"भाभी, सामान बांधो. कल की गाडी."

"चाचा, सर्टिफिकेट..." शेठ पुटपुटले.

"सेठ," चाचा म्हणाले, "तुम बैठ के जिलेबी खाओ!"

*

दुसऱ्या दिवशी मी, शेठ आणि वहिनी मास्तरांना घेऊन निघालो. पूर्णेला गाडी बदलली. डब्यात मास्तरांच्या डोळ्यांवर ओलं फडकं होतं. रूळ बदलताना डबा हिसडा द्यायचा आणि त्यांचा हात वहिनींचा पदर घट्ट धरायचा. ओरडले मात्र नाहीत.

मोठ्या शहरातला मोठा दवाखाना. तिथल्या डॉक्टरनं बत्ती घेऊन मास्तरांच्या डोळ्यांत पाहिलं, तेव्हाच त्याचा चेहरा बदलला. त्यानं विचारलेले प्रश्न मला आजही पाठ आहेत. सकाळी जास्त दुखतं का? ओकारी होते का? एकाचे दोन दिसतात का? दिवसेंदिवस वाढत गेलं का? सगळ्याला आम्ही हो म्हणत गेलो. प्रत्येक गोष्ट आम्ही पाहिली होती, प्रत्येक गोष्टीवर हसलो होतो.

"मग इतके दिवस करत काय होतात?" डॉक्टर ओरडला.

जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणारा मी सर्टिफिकेटाचं काहीतरी सांगायला लागलो. विठ्ठलशेठ मात्र खरं बोलले. हात जोडून उभे राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"साहेब, जिलेबी खात होतो."

मास्तर परत आले नाहीत. डोक्यात गाठ होती. डॉक्टर म्हणाला, लवकर आणलं असतं तर निदान प्रयत्न करता आला असता. हे 'निदान' मी इतकी वर्षं घेऊन फिरतोय. म्हणून आजही कुणी सांगितलं की डोकं रोज दुखतं आणि वाढत चाललंय, तर मी त्याला हाताला धरून डॉक्टरकडं नेतो. लोक म्हणतात, म्हातारा भांडखोर आहे. आहेच!

पुढं निजामी गेली. पेपर उघड्यावर मिळायला लागला. अड्ड्यावर मीच वाचून दाखवायचो, त्या खुर्चीवर न बसता, उंबऱ्यावरूनच. माझ्या बातमीला नाव ठेवणारं कुणी उरलं नव्हतं. मी वाचत असायचो आणि चाचांची मशीन चालू असायची.

*

पण खरा किस्सा निघायच्या दिवशीचा.

तो बाजाराचा दिवस होता. मास्तरांच्या घरून स्टेशनाकडं जाणारी वाट तांबट गल्लीतून आणि पुढं बैलबाजारातून. एरवी तिथं कानठळ्या बसायच्या. तांब्याच्या हंड्यांवर हातोडे, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा, दलालांची आरडाओरड. मी म्हटलं, हा माणूस स्टेशनापर्यंत पोचायचा नाही.

चाचा पहाटेपासून गायब होते. गाडी निघाली तेव्हा आले आणि बैलांच्या पुढं चालायला लागले. आमच्या बैलांच्या घुंगुरमाळा कुणीतरी आधीच सोडून ठेवल्या होत्या.

गाडी तांबट गल्लीत शिरली. हातोडे मांडीवर ठेवून तांबट ओळीनं बसले होते, नुसते बघत. बैलबाजारात शिरलो. शेकडो बैल, एकाच्याही गळ्यात घुंगरू वाजेना. आमच्याकडं बैलाचा सौदा रुमालाखाली होतो. दोघं एकमेकांचे हात रुमालाखाली धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. भाव मुका, पण त्याच्याभोवती गोंधळ केवढा! माझा बैल असा, तुझा तसा, ह्याची आई, त्याचा बाप. त्या दिवशी सगळंच रुमालाखाली. एका दलालाचा सौदा फिसकटला. त्याचा चेहरा लालबुंद झाला, ओठ थरथरले, आणि त्यानं समोरच्याला शिवीसुद्धा हातवाऱ्यांनी दिली! समोरच्यानं त्याच भाषेत परत केली. बांगड्यांचा कासार दोन्ही हात वर धरून उभा होता, हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून. एका म्हातारीला शिंक आली. तिनं लुगड्याचा अख्खा पदर तोंडात कोंबला.

धुळीत चाकांचा तेवढा आवाज. चाचा मागं वळून बघत नव्हते.

मास्तरांच्या डोळ्यांवर ओलं फडकं होतं. त्यांना काहीच दिसत नव्हतं. गाडी बाजाराच्या मध्यावर आली तशी त्यांनी मान जराशी उचलली.

"सरू, आज बाजाराचा दिस न्हाई का?"

"हाय की," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी कान देऊन ऐकलं. मग हळूच म्हणाले,

"एवढं चिडीचूप? कोणी मोठा माणूस गेला वाटतं गावात. शाळेला सुट्टी दिली का न्हाई मग?"