तापीच्या पाण्यातला लाल ठिपका

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. ताकसुद्धा फुंकून पिते. आमचे हे म्हणतात, "तू देवाचा प्रसादही वास घेऊन खाशील." घेते वास. त्यात वाईट काय?

त्यामुळे माझ्या पुतणीनं मोबाईलवर पर्यावरणाच्या वेबसाइटी दाखवायला सुरुवात केली, तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच होता, की हे लोक फुकट का सांगतात? पुतणी म्हणजे माझ्या जेठांची, नवऱ्याच्या थोरल्या भावाची मुलगी. लोणखेड्याला कॉलेजात जाते. तिथं कसलासा प्रकल्प होता, गावात पाच-दहा माणसांना अशा उपयोगी वेबसाइटी शिकवायच्या. गावात ऐकून घेणारं कोणी भेटलं नाही, म्हणून ती माझ्याकडे आली.

एक वेबसाइट पक्ष्यांची. फोटो टाका, नाव सांगते. पण आधी विचारते, पक्षी कुठं दिसला? मी म्हटलं, पक्ष्याचं नाव सांग ना, माझ्या शेताचा पत्ता तुला कशाला? दुसरी खताची. केळीच्या साली डब्यात घाला, भोकं पाडा. अगं बाई! उकिरड्याशेजारी जन्म गेला आमचा, आम्हाला डबा शिकवतात. तिसरी तर कमालच. तुमच्यामुळे हवेत धूर किती जातो ते मोजणारी. वर्षातून किती वेळा विमानानं जाता? शून्य. गाड्या किती? नवऱ्याची एक मोटरसायकल, तीही ढकलावी लागते. एवढी खरी उत्तरं दिली, तरी शेवटी म्हणे जरा कमी वापरा. मी मोबाईल तिच्या हातात दिला आणि भाजी निवडायला बसले.

चौथी वेबसाइट मात्र पुतणीनं मला नाही, तिच्या वडिलांना दाखवली. तिथंच सगळं बिघडलं.

त्या वेबसाइटवर नकाशा होता. वरून उपग्रह फिरतो आणि खाली कुठं आग दिसली की नकाशावर लाल ठिपका उमटतो. आमचं गाव प्रकाशा या गावाजवळ, तापीकाठी. उसाची तोड झाली की मागं पाचट उरतं आणि ते पेटवून द्यायची वाईट खोड सगळ्यांनाच. यंदा ग्रामसभेत ठरलं होतं, पाचट कोणी जाळायचं नाही. ठराव झाला, टाळ्या वाजल्या. आणि एका लग्नाच्या दुपारी, अख्खा गाव मांडवात जेवत असताना, शिवारात आग लागली. एका शेतकऱ्याच्या केळीच्या कडेच्या ओळी होरपळल्या, ठिबकच्या नळ्या वितळून गेल्या.

संध्याकाळी पारावर जेठांनी मोबाईल वर धरला. त्या दुपारचा एकच ठिपका होता. बोटांनी नकाशा मोठा केला, तर ठिपका बरोबर आमच्या शेतातल्या झोपडीवर. झोपडी आमच्या सालदाराची.

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला माणूस. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, जुनं साल संपतं आणि नवं ठरतं. हा धडगावकडचा, डोंगरातला. बायको आणि एक मुलगी घेऊन आमच्याकडे राहत होता. मुलगी गावातल्या शाळेत दुसरीला. कमी बोलायचा. घरात त्यांची भाषा वेगळी, आमच्याशी मोडकी अहिराणी.

जेठ म्हणाले, "सॅटेलाइट वरतून देखस. ते खोटं बोलस का? त्याले काय कोणाशी सोयरीक करनी शे?"

"डोंगरातली माणसं. आग लावायची सवयच," आणखी कोणीतरी बोललं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि तिथंच ठरलं की येत्या आखाजीला त्याला आम्ही ठेवायचं नाही, आणि गावात दुसऱ्या कोणीही ठेवायचं नाही. मग काय, बिऱ्हाड उचलून गुजरातेत मजुरीला जायचं, आणि मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. आमचे हे भावासमोर मान खाली घालून बसले होते. मला असा राग आला! नवऱ्याचा, जेठांचा, आणि सगळ्यात जास्त त्या ठिपक्याचा.

कारण माझा संशय माणसावर नव्हता. पाण्याची पाळी असो की राखण, आमचं शेत त्या माणसाच्या हातात होतं. माझा संशय होता वर फिरणाऱ्या त्या उपग्रहावर. इतक्या उंचावरून याला आमची झोपडी दिसते, आणि झोपडीशेजारचं रान दिसत नाही?

मी पुतणीला बोलावलं. म्हटलं, तुझी ती आगीची वेबसाइट मला रोज दाखवायची. ती खूश झाली. तिला वाटलं, काकूला पर्यावरणाची गोडी लागली. मी रोज ठिपके बघू लागले. आमच्या गावाखाली नदीकाठी विटांची भट्टी आहे, उन्हाळाभर धगधगत असते. ती काही पाय फुटून चालत नाही. तरी एक दिवस तिचा ठिपका भट्टीवर, तर पुढच्या वेळी पलीकडच्या काठाकडे सरकलेला. आणि एक दिवस ठिपका कुठं असावा? तापीच्या मधोमध, पाण्यात!

"अगं माय! नदी पेटली वाटतं," मी म्हटलं आणि हसत सुटले. पुतणीचं तोंड उतरलं. तिनं वेबसाइटवरची मदतीची पानं उघडली, इंग्रजीतली, आणि मला मराठीत सांगू लागली. तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. ठिपका म्हणजे आगीची जागा नव्हे. उपग्रह जमिनीचा एक मोठा चौकोन एकदम बघतो. त्यात कुठंही आग असली तरी ठिपका चौकोनाच्या मधोमध काढतो. बिचाऱ्यांनी काही लपवलं नव्हतं. आमच्यातल्या कोणी वाचलंच नव्हतं.

तिनं नकाशावर तो चौकोन बोटानं काढून दाखवला. झोपडी मधे. भोवती आमचं शेत, जेठांचं शेत, सरपंचांचा ऊस, केळीवाल्याचं स्वतःचं रान.

दुसऱ्या दिवशी मी पारावर गेले. बायका तिकडे फारशा जात नाहीत. पदर नीट घेतला आणि जेठांना म्हटलं, "दादा, आधी तापी कोणी पेटवली ते सांगा." लोक हसले. मग पुतणी पुढं झाली आणि वडिलांसमोर चौकोन समजावून सांगू लागली. कोणाकोणाची शेतं आत येतात तेही सांगितलं. हसू तिथंच थांबलं. सरपंचांना काम आठवलं. केळीवाला म्हणाला, नळ्या जुन्याच होत्या. जेठ म्हणाले, "जाऊ द्या, झालं ते झालं. ऱ्हाऊ दे त्याले." झोपडीवर ठिपका होता तोवर चौकशी जोरात होती. चौकोन सगळ्यांच्या बांधावर आला, आणि चौकशीच संपली.

मला काय, माझं काम झालं होतं. मी जवळजवळ पळतच शेतात गेले. आखाजी तोंडावर आली होती. झोपडीपुढं गोधड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं, भांडी पोत्यात भरलेली. सालदाराची बायको दोरी आवळत होती, मुलगी दप्तर घेऊन गाठोड्यावर बसली होती.

"सोड ते सगळं," मी ओरडले. "तुझ्यावरचा आळ गेला! तू इथंच राहायचंस." आणि धापा टाकत त्याला सगळं सांगितलं. उपग्रह, भट्टी, नदीतला ठिपका, चौकोन. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हसेल, बायकोला सांगेल.

तो म्हणाला, "बाई, तुम्ही त्या मोबाईलले इतलं इचारं. माले कोणी एक डाव बी नही इचारं. त्या दिवशी मी लगीनमा नही व्हतू. आठेच, झोपडीमा व्हतू. आग कोणी लायी ते मी देखं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळ्या जगावर संशय घेणारी मी, आकाशातल्या यंत्राची उलटतपासणी केली, आणि ज्याच्यासाठी केली त्याच्याशी बोललेच नव्हते. तो निर्दोष आहे हे मला माहीत होतं, पण त्याला काही माहीत असेल हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. लाज वाटली, फार वाटली. मी बांधावर बसले आणि म्हटलं, "चुकलं माझं. आता विचारते. कोण होतं ते?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्या भाषेत दोनच शब्द बोलली. त्यानं मुलीला खाली उतरवलं, गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं.

"आते मी तुमना सालदार नही, बाई," तो म्हणाला, आणि तिघं रस्त्याला लागली.