आमच्या केळीवाल्या बोर्डाची भरती

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या मकरपुऱ्याच्या कंपनीत तर ते बाटलीतल्या केळीच्या कोंबांसारखे फुटायचे, एक सांगायला काढावा तर बुडाशी चार नवे! मी सातवी नापास, लॅबमध्ये बाटल्या धुणारा. पण लॅबमध्ये आहे म्हटल्यावर मांडवीतले माझे शेजारी मला तब्येत दाखवायचे, आणि मीही नाडी बघायचो.

*

कंपनी बायोटेक्नॉलॉजीची. म्हणजे केळीचा एक कोंब बाटलीत वाढवायचा आणि त्याची हजार रोपं करायची. बोर्डावर तिघं: साहेब, वहिनी आणि वहिनींचे भाऊ. मीटिंग साहेबांच्या स्वयंपाकघरात. एकदा साहेबांनी लॅबसाठी एसीचा ठराव मांडला. वहिनी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "आधी घरात मिक्सर." भावाने बहिणीला मत दिलं. रजिस्टरमध्ये नोंद झाली: मिक्सर बहुमताने मंजूर!

*

मग बाजार खुला झाला आणि हॉलंडची एक कंपनी करार करायला तयार झाली. अट एकच, बोर्डावर घराबाहेरची तीन माणसं हवीत. नाहीतर करार नाही. करार नाही तर लॅबला टाळं, आणि आत काम करणाऱ्या चाळीस मुली घरी. साहेबांची झोप उडाली.

पहिले आले दळवीसाहेब, रिटायर्ड अधिकारी. पणजोबा संस्थानचे कारभारी होते, हे ते दर दुसऱ्या वाक्याला सांगत. लॅबच्या दारात मी त्यांना मास्क दिला आणि कानात सांगितलं, आत एक शब्द जरी बोललात तर दहा हजार रोपं सडतील. पाऊण तास गृहस्थ मुके! बाहेर आल्यावर साहेब भारावून म्हणाले, "इतका विचारी माणूस मी पाहिला नाही." जागेवर पसंती.

पुढच्या भेटीत पणजोबांनी सलग दोन तास घेतले.

*

दुसरे कांतिभाई, बियाण्यांचे गुजराती व्यापारी. घरी तीन मुलगे, तिघांचं एकमेकांशी पटत नाही. साहेबांनी त्यांना समजावलं की ही हजार रोपं एकाच आईची, सगळी तंतोतंत सारखी. कांतिभाईंनी बाटली उजेडात धरून फिरवून पाहिली. मग म्हणाले, "एटले अंदर-अंदर झगडो नहीं?"

साहेब म्हणाले, झाडं कशाला भांडतील?

"तो मारा त्रण छोकरा पण बाटलीमां मूकी दो, साहेब."

*

तिसऱ्या प्रोफेसर नलिनीबेन. त्यांनाही मी मास्क देऊन तेच सांगितलं, आत बोलायचं नाही. बेन म्हणाल्या, "मग तुम्ही का बोलताय, काका?" वर माझ्या धुतलेल्या चाळीस बाटल्या परत धुवायला लावल्या. अजून त्या बोर्डावर आल्याही नव्हत्या!

*

सह्यांचा दिवस. हॉलंडचे पाहुणे समोर, त्यांना संध्याकाळचं विमान. तिघांच्या हातात पेनं. एवढ्यात कांतिभाईंनी पिशवीतून नारळ काढला. जिथे रोपं वाढतात तिथे तो फुटेल, मगच सही.

नलिनीबेननी पेन खाली ठेवलं. त्या शेंडीत बुरशीची अख्खी वसाहत असते, नारळ आत गेला तर त्या सही करणार नाहीत.

दोघांची पेनं टेबलावर. पाहुणे घड्याळ बघतायत, साहेबांचा चेहरा पांढरा. काचेपलीकडे मुलींचे हात थांबलेले.

मला राहवलं नाही. म्हटलं, "बेन, आपण आंघोळ करून आत जातो ना? मग नारळालाच घाला की आंघोळ."

बेननी विचार केला. नारळ सोलला. कांतिभाईंच्या हट्टाखातर दोन बोटं शेंडी राखली. साबणाने दोनदा धुतला, स्पिरिटने पुसला, जंतू मारणाऱ्या निळ्या दिव्याखाली वीस मिनिटं ठेवला. मग गाऊन, मास्क, हातमोजे घालून बेननी स्वतः उकळलेल्या हातोडीने तो फोडला. ट्रेबाहेर थेंब नाही! बाजूला गाऊन घातलेले कांतिभाई हात जोडून उभे. पाच मिनिटांत तिन्ही सह्या झाल्या.

काचेतून बघणारे पाहुणे भराभर वहीत लिहीत होते. निघताना त्यांनी साहेबांना विचारलं, इथे दर नेमणुकीला असंच करतात का? साहेबांनी शांतपणे होकार दिला.

दोन महिन्यांनी हॉलंडहून फॅक्स आला, आता त्यांचाही एक माणूस आमच्या बोर्डावर येणार. साहेबांनी सगळ्यांना उभं करून तो मोठ्याने वाचला. शेवटची ओळ अशी होती:

"आमचे प्रतिनिधी सोमवारी पोहोचतील. नारळ निर्जंतुक करून ठेवावा. हातोडी ते स्वतःची आणत आहेत."