आत्याबाईंचा बांबू

आमच्या आत्याबाईंचा हात तोंडाच्या आधी चालायचा, आणि तोंडही काही कमी नव्हतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लातूरच्या आमच्या गल्लीत त्यांच्या हाताची चव न चाखलेलं माणूस सापडणं अवघड. दूधवाल्यानं पाणी घातलं तर त्याच्याच कॅनचं झाकण त्याच्या पाठीत बसलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं सांडपाणी आमच्या दारात सोडलं, तर त्याला कॉलर धरून पायरीवरून खाली ओढला. नवी नवरी असताना मलाही उलथन्याचा फटका बसला, कारण मी भाकरी थापायच्या ऐवजी लाटली होती. मीही काही साधी नाही. उलथनं हिसकावून अंगणात भिरकावलं. त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हाय की जरा दम!" त्या दिवसापासून आमचं जमलं.

त्या मूळच्या किल्लारीकडच्या. भूकंपात दगडी भिंत अंगावर आली, डावा हात कोपरातून वाकडा बसला तो कायमचाच. थोरली मुलगी त्याच भिंतीखाली गेली. त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. राग आला की मात्र छाती ठोकून म्हणायच्या, "भिंत पडली तरी मेले न्हाई मी. तू कोण लागून गेलास?" आम्ही लिंगायत; त्या वाकड्या डाव्या हाताच्या तळव्यावर रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग घेऊन त्या पूजेला बसायच्या. पूजा चालू असताना उठायचं नाही, बोलायचं नाही. डावा हात देवाचा आणि उजवा जगाचा, असा त्यांचा हिशेब होता.

माझ्या मैत्रिणीनं काचेच्या भांड्यात तीन काड्यांचा लकी बांबू भेट दिला, तेव्हा आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "बांबू? घरात? लोकं तिरडीला आणतेत बांबू! आपल्यात तर मेलेलं माणूसबी बसून जातं, झोपून न्हाई. आपल्याला मेल्यावरबी तिरडी लागत न्हाई, अन् ही जित्यापणी बांबू आणायली!" मी म्हटलं, यानं घरात सुख येतं म्हणतात. "मग बांध की तुझ्या नवऱ्याच्या गळ्यात," त्या म्हणाल्या.

नवरा म्हणजे त्यांचा बसू. आईचा राग त्यानं घेतला, आईची रीत घेतली नाही. आत्याबाई मारायच्या ते उघड्या दारात, चारचौघांत, आणि समोरच्याला उलटून द्यायची मुभा असायची. बसू दार लावून मारायचा. पूजेला बसल्यावर आई उठत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो तीच वेळ साधायचा. गल्लीत शोभा नको म्हणून मी तोंडातून आवाज काढत नसे. उलथनं भिरकावणारी मी, पण त्या बंद दाराआड माझं पाणी पाणी व्हायचं. नंतर आत्याबाई विचारायच्या, "गालाला काय झालं गं?" कपाटाचं दार लागलं, मी सांगायची. त्या हळद लावता लावता म्हणायच्या, "त्या कपाटाचा तुझ्यावर लई राग दिसतो." एकदा त्यांनी खरोखरच जाऊन कपाटाला लाथ घातली. बसू तिथंच उभा होता.

बांबूला शिव्या घालता घालता त्यांनीच त्याचा ताबा घेतला. आधी "ऊन खाऊ दे की जरा" म्हणून ऐन मे महिन्यात अंगणात ठेवला, पानं करपली. मग मी तो खिडकीपासून आत सावलीत आणला. पण एक काडी बुडातून पिवळी पडायला लागली. मी पाणी बदलायची, गोटे धुवायची, तरी पिवळेपणा चढतच होता. एके दिवशी बघते तर काय, आत्याबाई पूजेचं तीर्थ स्वतः पिऊन उरलेलं बांबूच्या भांड्यात ओततायत! देवाचं पाणी कुणाच्या पायाखाली जाऊ नये, म्हणून. आणि त्यात सगळी विभूतीची राख. मी म्हटलं, आत्याबाई, राखेनं मरतंय ते. भडकल्याच. "देवाचं पाणी पिऊन मरतं ते झाड कसलं? मरू दे मेलं!" दुसऱ्या दिवशीपासून तीर्थ तुळशीला गेलं आणि बांबूला आमच्या पिण्याचं विकतच्या जारचं पाणी मिळायला लागलं. "माणसं बोअरचं खारट पिऊन जगली, ह्याला बघा नवाबाला," असं म्हणत त्या मुळं बुडतील इतकंच मोजून ओतायच्या. पिवळी काडी तेवढी काढायला लागेल, नाहीतर शेजारच्या हिरव्यांनाही लागेल, असं मी सांगितलं. त्यांना ते जिवावर आलं. "राहू दे. सुधरंल," म्हणाल्या.

ती सुधारली नाही. बसूही नाही. आत्याबाई पूजेत होत्या, त्यानं दार लावलं आणि चहा गार दिला म्हणून बांबूचं भांडं उचलून माझ्यावर घातलं. कपाळ फुटलं. काच, गोटे, रक्त, सगळं फरशीवर. या वेळी मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा पोटातून ओरडले.

दाराची कडी लाथेनं उचकटली. आत्याबाई उभ्या होत्या, डाव्या तळव्यावर लिंग तसंच, विभूती ओली. पूजेतून उठल्या होत्या! उजव्या हातानं त्यांनी बसूला केसाला धरून ओढत ओसरीतून रस्त्यावर नेलं आणि थोबाडीत, पाठीत, जिथं लागेल तिथं बडवला. डावा हात हलला नाही. अख्खी गल्ली बघत होती. "माझ्या घरात पाय टाकलास तर तंगडी तोडीन," म्हणाल्या. घर त्यांच्या नावावर होतं. मग आत येऊन माझ्या कपाळावर पदर दाबून धरला आणि हुंदके देत म्हणाल्या, "पोरी, पिवळं झालं की काढावंच लागतं. मीच उशीर केला." हिरव्या दोन काड्या त्यांनी स्टीलच्या तांब्यात लावल्या.

पुढे वर्षभरानं त्यांना लकवा मारला. गेला तो नेमका उजवा हात. वाचाही गेली. बातमी कळताच बसू आला. खाटेशी उभा राहून म्हणाला, "म्हातारीचा हात गेला आता." आणि वळून दार लावायला निघाला.

मी त्याच्या आधी पोचले. दार सताड उघडलं. त्यानं हात उगारला, आणि स्वयंपाकघरातून तसंच हातात आलेलं उलथनं मी त्याच्या मनगटावर असं हाणलं की तो कळवळून खाली बसला. समोरच्या बायका ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. खाटेवरून घरघर ऐकू आली. आत्याबाईंचं तोंड वाकडं झालं होतं, डोळे चमकत होते, कितीतरी दिवसांनी शब्द फुटत होता.

"आजून... येक."

मी दिला.

त्या गेल्या तेव्हा त्यांना बसवून नेलं. उजवा हात मांडीवर होता. इतका गप्प तो मी कधी पाहिला नव्हता. बसू उंबऱ्यापर्यंत आला, आत आला नाही. सगळे गेल्यावर मी पोटभर रडले, आणि मग तांब्यातलं पाणी बदललं.