टेंबावरचा नारळ

"नारळ नेमका कुठे फोडला?"

पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी हे मला मुरमाच्या खड्ड्याच्या काठावर विचारलं. मी एका शब्दात उत्तर दिलं आणि ते खोटं होतं. नोकरीतले बाकीचे किस्से मी पुष्कळांना रंगवून सांगितले. हा मात्र घरातही सांगितला नाही. आता ऐंशी उलटली आहे, आणखी टाळण्यात अर्थ नाही.

साठच्या दशकाची सुरुवात होती. आपला सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. मी मूळचा तारकर्लीचा, बांधकाम खात्यात नवा ओव्हरसियर. कसालपासून आत एका गावाला रस्ता चालला होता. खडी पसरण्याआधी खाली मुरूम भरून दाबावा लागतो आणि तो जवळच्याच जमिनीतून खणून घेतात. आमच्या रस्त्याला लागूनच टेंब होता. टेंब म्हणजे उंचवटा, पण हा माणसांनी रचलेला होता. भोवती जांभ्या दगडांचं कडं, मध्ये मातीचा ढीग आणि त्याच्या पोटात इतिहासाच्याही आधीचं कुणाचं तरी दफन. 'संरक्षित' असा सरकारी बोर्ड होता. गावाच्या लेखी तिथे राखणदार, म्हणजे जागा राखणारा देव, राहत होता.

भिकाजीकाका टेंबाचे सरकारी पहारेकरी. वर खाकी सदरा, खाली पंचा. गाऱ्हाणं घालायचा मानही त्यांच्याच घराचा. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने केलेली विनंती. ते झाल्याशिवाय आमच्याकडे कोणी जमिनीला कुदळ लावत नाही. माझी गँगही अडून बसली, म्हणून मीच काकांना बोलावलं.

टेंबाच्या हद्दीबाहेर एक आंबा होता. त्याच्या मुळाशी काकांनी नारळ ठेवला.

"बा राखणदारा, ही लेकरा आज खणतत ती ह्या आंब्याच्या पलीकडे. अलीकडे तुजी जागा. तेका कोणाचो हात लागाचो नाय, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गँग ओरडली. मीही ओरडलो.

नारळ फुटला. गँगने नारळाची भकलं टेंबाच्या सावलीला नेली, तिथेच बसून खोबरं खाल्लं आणि करवंट्या तिथेच टाकल्या. एक तुकडा मलाही मिळाला.

दुसऱ्या दिवशी काका निघाले. बांद्याला लेक बाळंत झाली होती. "सायबानु, दोन दिस जरा नजर ठेवा हां. तुमच्याशिवाय माका कोण आसा हंय?"

"जावा तुमी निवांत," मी म्हणालो.

त्याच दुपारी आंब्याच्या पलीकडचा मुरूम संपला. कुदळ कातळावर खणखणू लागली. तेवढ्यात एक्झिक्युटिव्ह इंजिनियर साहेबांची जीप आली.

"पावसाआधी हा तुकडा झाला नाही तर तुझा रिपोर्ट मी लिहिणार. मुरूम कुठून आणायचा ते तू बघ."

जीप गेली. मी टेंबाकडे पाहिलं. लालसर, भुसभुशीत, हवा तसा मुरूम. मुकादम दाजीही तिकडेच बघत होता.

"सायब, आंब्याच्या अलीकडे?"

"गाऱ्हाणा झाला मा? मगे कित्याक भियतंस?"

"गाऱ्हाणा पलीकडचा झाला," दाजी पुटपुटला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. तीन गडी घमेली टाकून घरी गेले. बाकीच्यांनी दगडांचं कडं फोडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अर्धा टेंब रस्त्याखाली गेला. शेवटी एका कुदळीखाली मडकं फुटलं. आत हाडं होती आणि गंजलेला विळा. दाजीने डोक्याचं फडकं काढलं आणि काम तिथेच थांबलं.

गावातून कोणीतरी तार केली. चौथ्या दिवशी पुरातत्त्वचे साहेब आले, आमचेही साहेब आले. काका बांद्याहून परतले होते.

"संरक्षित जागेत खणायला परवानगी कुणी दिली?" पुरातत्त्वच्या साहेबांनी विचारलं.

आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. टेंबातल्या खड्ड्यात त्या करवंट्या पडल्या होत्या. माझी नजर तिथे गेली आणि मला वाट दिसली.

"सर, तुमच्या पहारेकऱ्यांनीच नारळ फोडून गाऱ्हाणं घातलं. लोक त्यालाच परवानगी समजले."

"नारळ नेमका कुठे फोडला?"

"इथेच."

काका पुढे आले. "ओवरशेर सायबानु, मी आंब्याच्या मुळाक फोडलंय. तुमी थंय होतास. खोबरा खाल्लास. खरा काय तां सांगा."

ते मालवणीत विचारत होते. माझं घरचं बोलणं तेच. मी मात्र ऑफिसच्या मराठीत म्हणालो, "मला जे आठवतं ते मी सांगितलं."

साहेबांनी खड्ड्यातली करवंटी उचलून पाहिली. दाजी जमिनीकडे बघत होता. त्यात काका रजेचा अर्ज न देता गेलेले. महिन्याभरात त्यांची नोकरी गेली. गावाने त्याहून वाईट केलं. राखणदाराला फसवलं म्हणून गाऱ्हाण्याचा मान त्यांच्या घरातून काढला. काका लेकीकडे बांद्याला गेले ते कायमचे. रस्ता पावसाआधी झाला. माझा रिपोर्ट चांगला गेला.

सात-आठ वर्षांनी मी बांद्याला एस.टी.तून उतरलो. मनात वाक्य तयार होतं, वाटेत दहा वेळा घोकलेलं. काका पडवीत बसले होते. दृष्टी गेली होती.

"कोण ता?"

"मी, काका. तारकर्लीचो."

"ओवरशेर सायब?" ते उठायला लागले. "बसा, बसा. गो बाय, चाय टाक." त्यांनी चाचपडत माझा हात धरला. मग हलकेच विचारलं, "उरललो टेंब बरो आसा मा?"

आदल्या पावसात तोही ढासळला होता. त्याची खणलेली कड मीच उघडी टाकली होती.

"बरो आसा," मी म्हणालो.

"मगे झाला."

कोणताही भराव आधी उघड्या कडेतून सुटतो, हे मी पुढे कितीतरी नव्या ओव्हरसियरना शिकवलं. तेवढंच शिकवायची माझी लायकी होती. त्या दिवशी मी माफी मागायला गेलो होतो. चहा प्यायलो आणि पुढची गाडी पकडली. पुढच्या पावसाळ्यात काका गेले.