तिरप्या हेडची तीन वर्षं

रोशन गेटजवळच्या गल्लीत गयासभाईंचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. कॅसेटी बंद पडल्या, टेपरेकॉर्डर भंगारात गेले, तरी गयासभाई रोज शटर उघडून बसायचे. मग लोकांना एकाएकी आपल्या मेलेल्या माणसांची आठवण झाली. माळ्यावरच्या कॅसेटी खाली आल्या आणि "एवढं मोबाइलमध्ये घालून द्या" म्हणत गिऱ्हाइकं दुकानाची पायरी चढू लागली. साठीला टेकलेल्या गयासभाईंना पुन्हा बरे दिवस आले.

त्यातल्या पुष्कळ कॅसेटींना एकच रोग होता. आवाज पोकळ यायचा, माणूस रांजणात तोंड घालून बोलतोय असा. दुसरे दुकानदार कॉम्प्युटरवर खरखर काढायला जात आणि आवाज आणखीच खोल जाई. गयासभाई मात्र टेपचं झाकण काढत, फीत ज्या हेडवरून सरकते त्याच्या बाजूचा बारका स्क्रू पेचकसानं केसभर फिरवत, कान लावत, पुन्हा फिरवत. कॅसेट भरताना, म्हणजे रेकॉर्ड करताना, हेड तिरपं असलं की फितीवरचे दोन पट्टे मागंपुढं होतात, आणि एकत्र वाजले की एकमेकांना खातात. वाजवणारं हेडही तितकंच तिरपं केलं की आवाज भरून येतो.

हे करताना भरणाऱ्याचा उद्धार ठरलेला. "ज्या गाढवानं हे भरलं ना, त्याचे कान कापून त्याच्याच हातात दिले पाहिजेत!"

एका दुपारी सिल्लोडच्या एका लग्नाची कॅसेट लावली होती. स्क्रू जागेवर आला आणि सुरुवातीलाच एक तरुण आवाज खणखणीत बाहेर पडला, "हॅलो, हॅलो, एक, दोन... ओ चाचा, वो पंखा बंद करो जी!"

चहा घेऊन आलेली त्यांची बायको नजमुन्निसा दारातच थांबली. "अजी, कबसे गालियां देरे किसकू? ये तो तुमीच हो."

गयासभाईंचा चहा निवून गेला. शहाऐंशी साली पिशोरला जाताना जीपमधून त्यांचं रेकॉर्डिंगचं मशीन खाली पडलं होतं. उचलून बटण दाबलं तर चालू झालं, म्हणून त्यांनी अल्लाचे आभार मानले आणि त्याच मशीनवर पुढची तीन वर्षं तालुक्या-तालुक्यांतली लग्नं, सत्कार, कीर्तनं भरली. पडताना आतलं हेड कललं होतं, पण तपासून बघायचे तेही त्याच मशीनवर. तिरप्यावर भरलेलं तिरप्यावर झक्क वाजायचं.

हे कळल्यावर फरक एवढाच पडला की शिव्या बंद झाल्या. नाव उलट वाढतच गेलं, कारण हेड नेमकं किती कलवायचं ते आता त्यांच्या बोटांना पाठ झालं होतं. एका संस्थेनं शाल-श्रीफळ देऊन 'आवाजाचे डॉक्टर' म्हणून सत्कारही केला. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून गयासभाई माइकसमोर उभे राहिले. पहिल्या रांगेत नजमुन्निसा तोंडाला पदर लावून हसत होती. ते "शुक्रिया" म्हणाले आणि खाली बसले.

पुढं गंगापूरहून पुंजाराम नावाचे एक शिक्षक आले. रुमालात बांधून आणलेली कॅसेट त्यांनी टेबलावर ठेवली.

"आमच्या वडलांचा, आप्पासाहेबांचा एवढाच आवाज उरलाय बघा. बहिणीच्या लग्नातलं भाषण. पुण्याला दाखवलं, ते म्हणले नाय जमायचं."

गयासभाईंनी कॅसेट लावून पाहिली; तोच रांजणातला आवाज. या वेळी मात्र त्यांना गप्प बसवेना.

"गुरुजी, खरं सांगतो. ही मीच बिघडवली. माझ्याच मशीनचं हेड वाकडं होतं."

"व्हय, म्हणून तर आलो," पुंजाराम गुरुजी म्हणाले. "आत कागदावर तुमचंच नाव लिव्हलंय. म्हटलं, ज्यानं गुंता केला त्यालाच ठावं असंल कसा सोडवायचा ते."

"मग आल्या आल्या का नाही बोललात?"

"तुम्ही डॉक्टर माणूस. तोंडावर कसं बोलायचं?"

गयासभाईंनी टेपचं झाकण काढलं. त्यांनी पेचकस घेतला. रांजणातला आवाज हळूहळू वर आला आणि आप्पासाहेब दुकानात उभे राहिल्यासारखे बोलू लागले. पाहुण्यांचे आभार, आचाऱ्याचे आभार, पावसानं उघडीप दिली म्हणून त्याचेही आभार. पुंजाराम गुरुजी मान खाली घालून ऐकत होते. भाषण संपलं. तेवढ्यात, माइकपासून तोंड वळवून हळूच बोललेलं एक वाक्य ऐकू आलं. इतकी वर्षं ते त्या पोकळीतच बुडालेलं होतं.

"सरू, त्या टेपवाल्याला आधी जेवू घाल गं. सकाळधरनं नुसता वायरी वढतोय बिचारा."

गयासभाईंनी टेप थांबवली. पेचकस हातातच राहिला.

पुंजाराम गुरुजींनी डोळे पुसले आणि विचारलं, "मंग? वाढलं होतं का आमच्या आईनं?"

"वाढलं होतं," गयासभाई म्हणाले. "दोनदा."